नातीची पहिली भाषा

ताईच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, हे बेरा तपासणीत नक्की झालं तेव्हा ती सव्वा वर्षाची होती. दोन्ही कानांना तीव्र बहिरेपण. मग कानामागे मशीन आलं, मिरजेला स्पीच थेरपी सुरू झाली, कॉक्लिअर इम्प्लांटची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाऊ लागली. यातल्या कशावरच घरात दुमत नव्हतं. दुमत झालं ते एका साध्या प्रश्नावर : ऑपरेशन होऊन, थेरपी होऊन तिला बोलता येईपर्यंत दोन-तीन वर्षं जातील, तोवर तिच्याशी बोलायचं कशाने?

ताईच्या सासूबाई सांगलीच्या, गावभागातल्या. उभी नोकरी त्यांनी कर्णबधिर मुलांच्या शाळेत केली. आरशासमोर बसून, मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवून एकेक अक्षर घोटून घेणाऱ्या पिढीतल्या त्या शिक्षिका. घरात खुणा करायच्या नाहीत, बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. माझी आई सातारा जिल्ह्यातली, रहिमतपूरजवळच्या खेड्यात अंगणवाडी सेविका होती. तिने मोबाईलवर ‘साइन लर्न’ हे सरकारी ॲप उतरवून घेतलं आणि नातीशी हातांनी बोलायला लागली. दोघी एकमेकींना विहीणबाई म्हणतात, मान राखतात, पण या विषयावर एकही मागे हटत नाही.

त्यांचं बोलणं इथे मांडते आहे, कारण ते आमच्या घरापुरतं नाही. जन्मतः बहिऱ्या असलेल्या दहांतल्या नवांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. बहुतेकांची कुणा बहिऱ्या माणसाशी पहिली भेट होते ती आपल्याच पाळण्यात. मी कोणत्या बाजूची हे लपवणार नाही, पण सांगलीच्या बाजूने जे खरं बोललं गेलं ते खरं म्हणूनच लिहिते.

सांगलीच्या : विहीणबाई, तुम्ही येऊन गेलात की नात पुढचे आठ दिवस नुसते हात हलवते. पाणी हवं, हात. भाकरी हवी, हात. तोंडातून आवाज काढायचं नाव नाही. थेरपीत इतकी मेहनत घेऊन आम्ही तिला ‘पा’ पर्यंत आणली. मुलाला सोपी वाट दिसली तर ते अवघड वाटेने कशाला जाईल?

साताऱ्याच्या : हात ती मी यायच्या आधीही हलवत होतीच की. सगळीच मुलं हलवतात. वर्षाचं लेकरू टाटा करतं, बाप्पाला नमो करतं, दोन हात वर केले म्हणजे कडेवर घे. शाळेत करंगळी वर केली की बाईंना कळतं पोराला कुठं जायचंय. कट्टी आणि बट्टी तर बोटांवरच होते. त्यामुळे कुणाचं बोलणं अडलेलं मी अंगणवाडीत पाहिलं नाही.

सांगलीच्या : त्या मुलांच्या कानांवर दिवसभर शब्द पडत असतात. हात नुसते जोडीला. हिच्या कानांवर काय पडतं? मशीन लावूनही ताट पडल्याचा आवाज तिला कळतो न कळतो. हिला बोलणं आपोआप येणार नाही, ते शिकवावं लागणार. आणि शिकवायला आपल्याकडे काय आहे? तिचे जागे तास. पहिल्या चार-पाच वर्षांत मेंदू भाषा जशी उचलतो तशी पुढे कधीच उचलत नाही. ते तास मी खुणांवर खर्च होऊ देणार नाही.

साताऱ्याच्या : त्याच वर्षांची मलाही काळजी आहे. तुम्ही ती बोलण्यासाठी राखून ठेवता, आणि बोलणं येईपर्यंत लेकराला उपाशी ठेवता. आमच्या अंगणवाडीत एक मुलगा यायचा. वर्षातून दोनदा तपासणीचं पथक यायचं, त्यांच्या लक्षात आलं तोवर तो चार वर्षांचा झाला होता. आई म्हणायची हट्टी आहे, ऐकतच नाही. चावायचा, पाट्या फेकायचा. एकदा त्याच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं, आठ दिवस ती घरी नव्हती. सगळं गाव त्याला समजावत होतं, तोंडाने. कुठे गेली, येणार का, कधी येणार, यातलं एक अक्षर त्याला कळलं नाही. आठ दिवस दारात बसून होता. विहीणबाई, चार वर्षांच्या त्या पोराला आपल्याला नाव असतं हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

इथे मला मध्ये बोलायचं आहे. भाषा न मिळालेलं मूल म्हणजे फक्त न बोलणारं मूल नव्हे. ‘उद्या’, ‘कारण’, ‘कदाचित’, ‘आधी हे मग ते’ या गोष्टी आपण डोळ्यांनी पाहून शिकत नाही, त्या भाषेतून डोक्यात येतात. तेव्हा कॅनडात काम करणाऱ्या संशोधक रेचेल मेबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००२ साली ‘नेचर’मध्ये आला होता. लहानपणी कुठली तरी एक भाषा, बोलीतली असो वा हातांची, पुरेशी मिळालेल्या माणसांना पुढे दुसरी भाषा चांगली शिकता आली. लहानपणी कुठलीच भाषा नीट न मिळालेल्यांना पुढची भाषाही जड गेली. खुणांमुळे बोलणं मागे पडतं या भीतीवर याहून नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही. पहिली भाषा दुसरीची जागा अडवत नाही, तिच्यासाठी डोकं तयार करते. त्याआधी, १९९१ साली, लॉरा-ॲन पेटिटो यांनी दाखवलं होतं की बहिऱ्या आईवडिलांची बहिरी बाळं हातांनी बडबडतात. आपली बाळं ‘बा-बा-बा’ करतात तशी ती बोटांची अर्थ नसलेली, पण तालात बसलेली वळणं पुन्हा पुन्हा करतात. मेंदूला भाषा हवी असते, ती घशातून येते की बोटांतून, याची त्याला फिकीर नसते.

सांगलीच्या बाईंना हे सगळं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “बहिऱ्या आईवडिलांची बाळं म्हणालीस ना? त्यांच्या घरी ती भाषा आहे. आपल्या घरी कुणाला येते?” हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

सांगलीच्या : ओठ वाचायला शिकवलं तर हे सगळं लागणारच नाही. माझ्या वर्गातली मुलं दोन बाकांवरून माझं बोलणं ओळखायची.

साताऱ्याच्या : तुमचं ओळखत असतील. तुमचा चेहरा समोर, उजेड तुमच्या तोंडावर, शब्द सावकाश आणि मुलांना विषय आधीच ठाऊक. आमच्या घरी काय आहे? नातीच्या आजोबांच्या मिशा ओठांवर आलेल्या, तोंडात तंबाखूचा बार. ते काय बोलतात ते मलाच चाळीस वर्षांत निम्मं कळलं नाही. आणि तुम्ही जरा आरशासमोर उभ्या राहून ‘बाबा’ म्हणा, मग ‘मामा’ म्हणा, मग ‘पापा’ म्हणा. ओठ सारखेच मिटतात. आवाज नसेल तर बाप कोणता आणि मामा कोणता, ते लेकराने कसं ओळखायचं?

सांगलीच्या : संदर्भाने ओळखतात. मामा समोर आहे की बाबा, त्यावरून.

साताऱ्याच्या : संदर्भ ज्याला आधीच कळतो त्याला ना? भाषा येणाऱ्या माणसाला ओठांवरून राहिलेलं भरून काढता येतं. जिच्याकडे भाषाच नाही ती कशाने भरणार? आणि समोर दोघंही नसतील तेव्हा? मामा गावी गेला, एवढं तरी तिला कसं सांगायचं?

यावर सांगलीच्या बाई काही बोलल्या नाहीत. पण ओठ वाचायची कला फुकट आहे असं कुणी समजू नये. प, ब, म सारखे दिसले तरी त, ल, फ, श यांत फरक दिसतो, आणि कानातल्या मशीनमधून येणाऱ्या तुटक आवाजाला ओठांची जोड मिळाली की पुष्कळ हाती लागतं. ज्यांना भाषा आली आहे त्यांच्या हातात ते मोठं साधन आहे. एवढंच, की त्यातून भाषा जन्माला येत नाही.

मग एके दिवशी सांगलीच्या बाईंनी आपलं सगळ्यात भक्कम म्हणणं मांडलं. त्या दिवशी आईकडे उत्तर नव्हतं.

सांगलीच्या : तुम्हाला किती खुणा येतात, विहीणबाई?

साताऱ्याच्या : बऱ्याच येतात. ॲपमध्ये दहा हजार शब्द आहेत.

सांगलीच्या : दहा हजार शब्द पाठ केले म्हणजे भाषा आली का? शब्दकोश वाचून कुणी मराठी शिकलंय? तुम्ही मराठी वाक्य मनात म्हणता आणि अधल्यामधल्या शब्दांवर हात हलवता. ‘आज आपण पाणी प्यायचं आणि झोपायचं’ यातलं पाणी आणि झोप हातात येते, बाकीचं तोंडात राहतं. मी बहिऱ्या माणसांत आयुष्य काढलंय. ती आपसात अशी बोलत नाहीत. ती प्रश्नाचा शब्द शेवटी ठेवतात, नकार शेवटी ठेवतात. एक माणूस हवेत डावीकडे बसवतात, दुसरा उजवीकडे, आणि मग ‘दिलं’ म्हणताना हात डावीकडून उजवीकडे जातो. त्यात कुणी कुणाला दिलं ते सगळं आलं. भुवया वर गेल्या की एक अर्थ, खाली आल्या की दुसरा. तुमच्या भुवया जागच्या हलत नाहीत. हिला तुम्ही देताय ती बोलीही नाही आणि हातांची भाषाही नाही. दोन्हीकडून अर्धवट. मी निदान एक तरी पुरी द्यायला बघते आहे.

मला आजही वाटतं, खुणांच्या बाजूने उत्साहाने बोलणाऱ्या प्रत्येकाने हे म्हणणं ऐकून घ्यावं. भारतीय सांकेतिक भाषा ही पुरी भाषा आहे, आणि पुरी आहे म्हणूनच ती चार चित्रफिती बघून येत नाही. अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी १९६० साली तिथल्या बहिऱ्यांच्या खुणांना स्वतंत्र व्याकरण असल्याचं दाखवलं, तोवर बहुतेक विद्वानही त्यांना हातवारेच समजत होते. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या शेवटी मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर इथल्या बहिऱ्यांच्या खुणा गोळा केल्या. शब्द गावोगावी बदलत होते, पण घडण एकच निघाली. वसिष्ठ स्वतः बहिरे, हेही सांगायला हवं. दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण संस्था स्थापन व्हायला २०१५ साल उजाडलं. तिचा पहिला शब्दकोश २०१८ साली तीन हजार शब्दांचा होता, २०२१ मध्ये तो दहा हजारांवर गेला. आईच्या मोबाईलमध्ये आहे तो हाच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. हल्ली ऐकणाऱ्या बाळांनाही खुणा शिकवण्याची चाल शहरांत आली आहे, त्याने मूल लवकर बोलतं, हुशार होतं असं सांगितलं जातं. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा बाळांची भाषा इतरांपेक्षा पुढे गेलेली आढळली नाही. हौसेने करावं, काही बिघडत नाही. पण ती हौस आणि ताईच्या घरातली गरज एका तागडीत घालू नये.

आईने उत्तर द्यायला पुढच्या भेटीपर्यंत वेळ घेतला. उत्तर घेऊन आली ते प्रश्न होऊन आलं.

साताऱ्याच्या : विहीणबाई, तुमच्या शाळेतली मुलं ही भाषा कुठे शिकली? तुम्ही तर शिकवली नाहीत.

सांगलीच्या : आम्ही शिकवायची नव्हतीच. वर्गात हाताची घडी घालून बसायचं, हा नियम होता. माझ्या आधीच्या काळात तर हात पाठीमागे धरायला लावत. आम्हाला सांगितलेलंच होतं, खुणा म्हणजे आळस.

साताऱ्याच्या : मग शिकली कुठे?

सांगलीच्या : वसतिगृहात. संध्याकाळी मी पाळीला असले की दिसायचं. दिवसभर दगडासारखी बसलेली पोरं जेवणं झाल्यावर पेटल्यासारखी बोलायची. मोठी मुलं लहानांना गोष्टी सांगायची, आमच्या मास्तरांच्या नकला करायची. दिवे बंद करायला गेलं की काही मुलं खिडकीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या उजेडात जाऊन बसायची, बोलणं अर्धवट राहू नये म्हणून.

त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “एका वर्गात तीन वर्षं घालवून मी ‘कमळ’ म्हणायला शिकवायची. आणि तेवढ्यात त्यांनी आपसात सगळं जग बोलून घेतलेलं असायचं. हे मला तेव्हाही दिसत होतं.”

हाताच्या घडीचा तो नियम सांगलीने काढलेला नव्हता. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणा काढून टाकाव्यात, फक्त बोलणं शिकवावं, असा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. मुंबईत त्याच दशकात बहिऱ्या मुलांचं शिक्षण सुरू झालं आणि तोंडी पद्धतीचं हे वारं पुढे आपल्या शाळाशाळांतून शिरलं. त्याच परिषदेच्या परंपरेतल्या परिषदेने १३० वर्षांनी, २०१० साली व्हँकुव्हरमध्ये, त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. तोवर किती पिढ्यांनी हाताच्या घड्या घातल्या असतील.

तरीही सांगलीच्या बाईंनी हार मानली असं समजू नका. त्यांनी मोर्चा वळवला तो वाचनाकडे.

सांगलीच्या : ठीक आहे, हातांनी बोलली. पण ती भाषा कागदावर नाही. तिला मराठी वाचायची आहे, परीक्षा द्यायच्या आहेत, अर्ज भरायचे आहेत. बहिऱ्या मुलांचं गाडं अडतं ते तिथे. ‘ने, ला, चा, ची’ चुकतात, पाचवीतल्या मुलाला तिसरीचा धडा लागत नाही. मराठी कानावर नाही, जिभेवर नाही, तर डोळ्यांत कशी उतरणार?

साताऱ्याच्या : तुमच्या शाळेत जिभेवर आणायला दहा-दहा वर्षं घातली, तरी ‘ने’ आणि ‘ला’ चुकतच होते ना? मला एवढं कळतं : अंगणवाडीत ज्या पोराला घरी कुणी गोष्ट सांगितलेली असते त्याला पुस्तक हातात दिलं की चित्राखाली काहीतरी आहे हे कळतं. ज्याला गोष्टच ठाऊक नाही तो पुस्तकाची पानं फाडतो. हिला आधी गोष्ट मिळू द्या. अक्षरं आपण दाखवू. पाटी आहे, खडू आहे, आणि बाराखडी घोटून घेणाऱ्या तुम्ही घरातच आहात.

‘तुम्ही घरातच आहात’ हे आईने मान राखायला म्हटलं नव्हतं. घरातल्या मोठ्यांपैकी बहिऱ्या मुलाला अक्षर कसं द्यायचं हे फक्त त्यांनाच माहीत होतं. परदेशांतल्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार दिसली आहे की ज्या बहिऱ्या मुलांची हातांची भाषा पक्की, त्यांचं वाचनही बहुधा चांगलं. पण ते आपोआप होत नाही, कुणाला तरी दोन भाषांमध्ये बसून बोट धरून न्यावं लागतं.

आणि मग महापुराचा विषय निघाला. कसा निघाला ते आठवत नाही, सांगलीत तो दर पावसाळ्यात निघतोच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा ताईच्या सासरच्यांना होडीतून बाहेर काढलं होतं.

साताऱ्याच्या : समजा इम्प्लांट झालं, नात छान बोलायला लागली. देव करो आणि तसंच होवो. त्या यंत्राचा बाहेरचा भाग काढला की तिला काही ऐकू येत नाही, बरोबर? आंघोळीला काढायचा, झोपताना काढायचा, बॅटरी संपली की बंद. मग पुन्हा एकोणीससारखं पाणी आलं, दिवस दिवस वीज नाही, रात्री होडीत बसवायचं, तर तिला सांगणार कसं की घाबरू नको, बाबा मागच्या होडीतून येतोय?

सांगलीच्या : अंधारात तुमचे हात तरी कुठे दिसणार?

साताऱ्याच्या : बॅटरी आहे की, हातातली. नाहीतर तिच्या तळव्यावर खूण करीन. पण खूण तिला आधी येत असेल तरच कळेल ना?

सांगलीच्या बाई बराच वेळ गप्प होत्या. मला वाटतं, त्या दिवशी काहीतरी हललं. तत्त्वांवर त्या वर्षभर वाद घालू शकल्या असत्या. पण ती होडी त्यांनी पाहिली होती.

त्यानंतरचं बोलणं वेगळ्या सुरात झालं. ‘करायचं की नाही’ यावरून ते ‘कसं करायचं’ यावर आलं, आणि तिथे सांगलीच्या बाई आईच्या चार पावलं पुढे निघाल्या. त्यांनी घरभर फिरून सांगितलं : खिडकीकडे पाठ करून तिच्याशी बोलायचं नाही, तोंड काळोखात जातं. आधी तिची नजर मिळवायची, खांद्याला हलकेच हात लावून किंवा दिवा एकदा चालू-बंद करून, मगच बोलायचं. हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचं नाही. पुस्तक दाखवताना मांडीवर नाही, समोर बसवायचं. चित्र बघून होऊ द्यायचं, ती वर बघेल तेव्हा खूण करायची. ऐकणाऱ्या मुलाला आपण चित्रावर बोट ठेवून त्याच वेळी बोलतो, हिला दोन्ही एकदम बघता येत नाही. कडेवर घेतलं की एकच हात मोकळा राहतो, तेव्हा त्या एका हाताने, तिच्या अंगावरच खूण करायची. आणि भाकऱ्या थापताना हात पिठात असतील तर हातातलं काम ठेवायचं, पण तिचा प्रश्न तसाच सोडायचा नाही.

आईने हे सगळं वहीत लिहून घेतलं.

एका गोष्टीवर मात्र दोघींनी मिळून ताईला बजावलं, आणि ते मला फार पटलं. नातीचा मोठा भाऊ सहा वर्षांचा. घरात सगळ्यात भराभर खुणा त्यालाच आल्या, मुलांना येतातच. महिन्याभरात असं झालं की ती काय म्हणते हे सगळे त्यालाच विचारू लागले. तो खेळायला निघाला की त्याला बोलावून आणायचे.

सांगलीच्या : हे बंद करा. मी अशी भावंडं पाहिली आहेत. दहा वर्षांची पोर आईवडील आणि बहिरा भाऊ यांच्यामध्ये वकिलासारखी उभी. तिचं बालपण त्यातच गेलं.

साताऱ्याच्या : आणि हिलाही वाटणार की आईबापाशी बोलायचं तर दादा लागतो. बापाने शिकायला पाहिजे. बाप कामावरून दमून येतो हे मान्य. जेवताना शिकू दे.

बापाचा मुद्दा मी मुद्दाम लिहिते. थेरपीच्या बाकावर बहुधा आईच बसलेली असते, आजी बसलेली असते. खुणा शिकायचं कामही बघता बघता बायकांच्या वाट्याला येतं. मग ते मूल आईशी गोष्टी बोलतं आणि बापाशी फक्त ‘ये, जा, खा, झोप’ एवढंच.

बाहेरच्या जगाचा प्रश्न सांगलीच्या बाईंनी शेवटपर्यंत सोडला नाही, आणि सोडू नये. सातारा स्टँडवर चौकशीच्या खिडकीत कुणाला हातांची भाषा येते? बँकेत, पोलीस ठाण्यात, सिव्हिलच्या ओपीडीत? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषा धरतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तिचं नाव आहे. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची एक वाहिनी या भाषेसाठी चालते. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बहिऱ्या वकील सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या. हे सगळं खरं आहे, आणि रहिमतपूरच्या दुकानदाराला त्यातलं काहीही माहीत नाही हेही खरं आहे.

सांगलीच्या : म्हणून म्हणते, बोलणं सोडायचं नाही.

साताऱ्याच्या : सोडा असं मी कधी म्हटलं? थेरपी करा, इम्प्लांट करा, जे जे होईल ते करा. मी म्हणते, त्याची वाट बघत लेकराला गप्प बसवू नका. इम्प्लांट कुणाला छान लागू पडतं, कुणाला कमी. ते आपल्या हातात नाही. हिच्याशी आज रात्री काय बोलायचं, ते आपल्या हातात आहे.

सांगलीच्या : आणि तुमची अर्धवट भाषा?

साताऱ्याच्या : ती पुरी करायला तुम्ही मदत करा. तुमच्या शाळेत शिकलेली, आता संसाराला लागलेली कुणी माणसं असतील ना सांगली-मिरजेत?

होती. त्यांचे जुने विद्यार्थी दिवाळीला त्यांच्याकडे अजून येतात. त्यांतलं एक जोडपं, दोघंही बहिरी, मिरजेत राहतं. नवरा शिलाईकाम करतो, बायको घरी क्लास घेते, मेंदीचा. सांगलीच्या बाईंनी त्यांना व्हॉट्सॲपवर चित्रफीत पाठवली, आणि ती पाठवताना स्वतः हातांनी बोलल्या. खुणा येत नाहीत असं त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं.

त्या दोघांनी रविवारी यायचं ठरलं. दुपारभर थांबायचं, घरातल्या सगळ्यांशी हातांनीच बोलायचं, जेवण बरोबर करायचं, नातीशी खेळायचं. बहिरी माणसं मोठी होतात, लग्न करतात, भांडतात, हसतात, पैसे कमावतात, हे तिने आणि तिच्या आईबापांनीही बघायला हवं, असं आईचं म्हणणं. ताईने आतापर्यंत आपल्या मुलीच्या मोठेपणाचं चित्र डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकलं होतं.

सांगलीच्या : ते पैसे घेणार नाहीत. माझे विद्यार्थी आहेत.

साताऱ्याच्या : मग बोलवू नका. थेरपीच्या बाईंना आपण तासाचे पैसे देतो आणि हे भाषा शिकवणार ते फुकट? तेही शिक्षकच आहेत.

सांगलीच्या : बरं. तेवढेच द्यायचे, थेरपीइतकेच. पण सकाळचा थेरपीचा तास माझा. त्या तासात कुणी हात हलवायचे नाहीत.

साताऱ्याच्या : कबूल. आणि जेवणाच्या पाटावर कुणी नुसत्या तोंडाने बोलायचं नाही. आपण दोघी बोललो तरी हातांनी बोलायचं, म्हणजे तिला कळेल घरात काय चाललंय.

सांगलीच्या : आपण दोघी भांडलो तरी?

साताऱ्याच्या : भांडलो तर आधी.

शाळेचा प्रश्न तसाच आहे. सांगलीच्या बाईंना ती घराजवळच्या साध्या मराठी शाळेत जायला हवी आहे, आईला वाटतं आसपास आणखी बहिरी मुलं असतील अशा शाळेत. दोन्हीकडे कारणं आहेत आणि दोन्हीकडे भीती आहे. नात अजून अडीच वर्षांची आहे, तो वाद चालू राहील, आणि पुढे त्यात तिलाही बोलायचं असेल.